आपांचा रोजचा चोर

माझ्या छातीचं माप छत्तीस, पण त्यातला एक इंच तोऱ्याचा, असं आपांनी मला पहिल्याच दिवशी क्लासमधल्या सगळ्या बायकांसमोर सांगितलं. टेप त्यांनी हातातसुद्धा घेतली नव्हती. दारात उभ्या असलेल्या मला त्यांनी खालपासून वरपर्यंत बघितलं, तोंडातली सुपारी या गालातून त्या गालात सारली आणि निकाल देऊन मोकळ्या झाल्या. बायका फिदीफिदी हसल्या. मी तिथूनच परत फिरणार होते, पण घरी जाऊन सांगणार काय?

तोरा होताच, खोटं कशाला बोलू. मी देवळाली प्रवरेची, बी.कॉम. झालेली, लग्न होऊन नुकतीच शेवगावात आलेली. तीन वर्षं कॉलेज केलेल्या बाईला मशीनमध्ये दोरा ओवायला असा किती वेळ लागणार, असं मला वाटत होतं. तीन आठवडे लागले.

घाई मला होती, आपांना नव्हती. आमच्या माजघरात एक काळी पायमशीन होती, फुलाफुलांच्या चादरीखाली झाकलेली. सासूबाईंनी ती माझ्या नणंदेसाठी तिच्या लग्नाआधी घेतली होती. वन्सं काष्टीला दिल्या गेल्या आणि मशीन इथेच राहिली. आता त्यांनी निरोप धाडला होता, की नागपंचमीला येते तेव्हा टेम्पो घेऊन येते आणि मशीन घेऊन जाते. मी सासूबाईंना म्हटलं, मशीन मला राहू द्या, मी शिकते. सासूबाईंनी भाकरी थापता थापता अट घातली. "पंचमीपातुर शिक. पिशवी का हुईना, पर सरळ शिवून दाखव. न्हाईतर जिची हाय ती घिऊन जाईल." पंचमीला एक महिना उरला होता. त्या घरातली भांडी, कपाट, पंखा, अगदी पाय पुसायचं पोतंसुद्धा आधीपासून कुणाचं ना कुणाचं होतं. माझी म्हणावी अशी एक सुटकेस होती. मला ती मशीन हवी होती, हट्टानं हवी होती.

आपांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. सिलिंडरवालाही "आपा" म्हणूनच हाक मारी. सत्तरीच्या आसपासच्या, ठेंगण्या, पायात पुरुषी चपला, गळ्यात दोरीनं बांधलेला चष्मा. तो त्यांनी डोळ्यांवर चढवलेला मी कधी पाहिला नाही. विचारलं तर म्हणत, "चष्मा गिऱ्हाइकासाठी हाय. गळ्यात असला की त्येला वाटतं, बाई बारीक काम करती." नवरा टेलर होता, त्याच्या माघारी त्याच्या सहा मशिनी आपांनी पुढच्या खोलीत मांडल्या आणि क्लास काढला. आमच्याशी त्या मराठीत बोलत आणि मशिनींशी हिंदीत. आम्हाला शिव्या आणि मशिनींना लाडीगोडी. "चल मेरी रानी, चल, इस लडकी को कुछ नहीं आता, तू तो समझदार है," असं माझ्या मशीनच्या कानात, म्हणजे चाकाजवळ तोंड नेऊन त्या सांगत. आणि खरंच सांगते, मशीन ऐकायची.

स्वतःचे कपडे मात्र त्यांनी कधी शिवले नाहीत. बाजारातून तयार आणत, तेही ढगळ, एक बाही लांब, एक आखूड. कुणी टोकलं तर म्हणत, "हलवाई आपली मिठाई खातो का?"

पहिल्या दिवशी मी पिशवीत दीड मीटर कापड घेऊन गेले होते. आपांनी पिशवी काढून घेतली आणि खुंटीला टांगली. "कापड नंतर. आदी दोरा." मशीनमध्ये दोरा कसा घालायचा हे त्या मशीनच्या भाषेत शिकवत नसत, एस.टी.च्या भाषेत शिकवत. वरचं रीळ म्हणजे शेवगाव स्टँड. तिथून गाडी सुटली की पहिला आकडा अमरापूर. मग खाली त्या दोन चकत्या, ज्यांच्यामध्ये दोरा दाबून बसतो, ते तिसगाव. "तितं गाडी थांबतीच. न थांबता गेली तर समजायचं डायव्हर पिऊन हाय." मग वर चढून ती वरखाली नाचणारी दांडी, तिच्या भोकातून जायचं, तो करंजीचा घाट. खाली उतरलं की मेहेकरी, सुईच्या डोक्यावरची तार म्हणजे भिंगार, आणि सुईचं नेढं म्हणजे नगर. बॉबिनचा खालचा दोरा म्हणजे समोरून येणारी गाडी. दोघींची गाठ पडली तर टाका. प्रत्येक बाईनं दोरा ओवताना हे थांबे मोठ्यानं म्हणायचे. सहा जणी सहा मशिनींवर ओरडत असल्या की रस्त्यावरचे लोक आत डोकावून जात, कुठली गाडी लागली म्हणून.

मला ते फार पोरकट वाटलं. मी मनातल्या मनात हसले, मुकाट्यानं दोरा ओवला आणि पाय मारला. कापडाच्या चिंधीखाली दोऱ्याचं असं घरटं झालं की चिमणीनं येऊन अंडी घालावीत. चाक गच्च अडकलं. आपा येऊन शेजारी उकिडव्या बसल्या.

"नगरला पोचलीस?"

"हो."

"घाटातून आलीस?"

मी बघितलं. नाचणारी दांडी मोकळीच नाचत होती. तिच्या भोकात दोराच नव्हता.

"घाट न चढता नगर? उडत गेलीस काय गं, बी.कॉम.?"

त्या दिवसापासून महिनाभर माझं नाव बी.कॉम. पडलं. दोरा नेढ्यात जाईना म्हणून मी तो ओठात धरून ओला करायला गेले, तर हातावर चापट बसली. "दोऱ्याला थुकी कशापायी? त्यो काय पाहुना हाय, तोंड धुवून धाडायला? सुईला बोट लाव वलं. ती वढून घेती." मी सुई ओली केली आणि दोरा सुळकन आत गेला. कॉलेजात हे कुणी सांगितलं नव्हतं, त्याचा मला रागच आला.

पण हे सगळं सोपं होतं. खरा छळ सकाळचा. आम्ही दहाला पोचायच्या आत आपा सहाही मशिनींवरून हात फिरवून ठेवत आणि प्रत्येकीत एक चोर लपवत. चोर म्हणजे खोट. एकीत दोरा तिसगाव चुकवून गेलेला, एकीत बॉबिन उलटी बसवलेली, एकीत चकत्यांच्या मधोमध दोऱ्याचा एवढासा तुकडा दडपलेला. आपण बसायचं, बघायचं आणि "चोर सापडला!" असं ओरडायचं. सापडेपर्यंत चहा नाही. आपा पाटावर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत आमची तोंडं न्याहाळत, आणि त्यांना जो काही आनंद होई, तो लहान पोरीला लपंडावात होतो तसला असे. एकदा माझा चोर साडेअकरापर्यंत सापडला नाही. मी सगळे थांबे चार वेळा घोकले. शेवटी आपांनीच दाखवलं: सुई उलटी बसवली होती. सुईला एका अंगाला लांब चर असतो, दोरा ज्या बाजूनं शिरतो, चर त्याच बाजूला हवा. उलटा झाला की दोरा बरोबर ओवा, हजारदा पाय मारा, टाका धरणार नाही. "म्हनून ववायच्या आदी सुईवरनं नख फिरवायचं," आपा म्हणाल्या. "डोळं फसत्यात. नख फसत न्हाई." तेव्हापासून आमच्यातली प्रत्येक बाई सुईला आधी नख लावी. बाहेरच्या मशीनवर बसली तरी लावी. त्यावरून ओळखू येई, ही आपांच्या हाताखालची.

आपांच्या हट्टाचा एक किस्सा शेवगावात अजून सांगतात. कुठल्या तरी महिला मंडळाकडून क्लासला दोन जुन्या मशिनींच्या बदली दोन नव्या मिळाल्या, तर मंडळानं उद्घाटनाला एक पुढारी आणले. दाराला लाल रिबीन बांधली. आपांनी आदल्या रात्रीच ती सोडून गुंडाळून ठेवली, चांगल्या लेसचा नाश नको म्हणून. पुढारी आले, हात पुढे केला, कात्रीसाठी. आपांनी त्यांच्या हातात दोऱ्याचं टोक दिलं. "कातर कुनीबी चालवतं, दादा. तुमी ववून दाखवा." कार्यकर्ते हसले, फोटोवाला सरसावला, आणि पुढारी मशीनपुढं बसले. वीस मिनिटं बसले. कार्यकर्त्यांना कळेना टाळ्या कधी वाजवायच्या, म्हणून ते दर दोन मिनिटांनी वाजवत होते. शेवटी घामाघूम होऊन पुढारी म्हणाले, "आपा, हे तर सभागृहापेक्षा अवघड हाय." आपा म्हणाल्या, "मग. हितं तुमचा दोरा दुसऱ्याला वढता येत न्हाई." आणि त्यांना आलं घातलेला चहा दिला. पुढे ते पुढारी दर ईदेला शीरखुर्मा खायला येत, आणि आल्या आल्या मशीनकडे पाठ करून बसत.

मला मात्र हसू सुचत नव्हतं. तीन आठवडे संपले आणि मी अजून दोराच ओवत होते. मी आपांना सगळं सांगितलं, मशीनचं, सासूबाईंच्या अटीचं. पिशवी शिकवा, म्हणून हात जोडले. त्यांनी खुंटीवरच्या माझ्या कापडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुला मशीन पायजे का पिशवी पायजे?" मी म्हटलं मशीन. "मग मशीन शिक." मी त्या दिवशी घरी येईपर्यंत त्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की रस्त्यात ओळखीचं कोण भेटलं तेही कळलं नाही. चौथ्या आठवड्यात त्यांनी कापड दिलं खरं. माझी शिवण शेतातल्या बांधासारखी गेली, जमेल तशी.

त्या वर्षी मी पंचमीला माहेरी गेले नाही. लग्नानंतरची पहिली पंचमी, आईनं बांगड्या भरायला कासारीण सांगून ठेवलेली, भाऊ न्यायला आला होता. त्याला मी परत पाठवला. मी नसताना टेम्पोत मशीन चढली असती.

वन्सं चतुर्थीला आल्या. जरा दम खाल्ला आणि मशीनवरची चादर काढली. रिळापासून नेढ्यापर्यंत दोरा असा नेला, की बघता बघता गेला. ओठ हलत होते. मी कान दिला, तर त्या पुटपुटत होत्या, "अमरापूर, तिसगाव…"

"वन्सं, तुम्ही आपांकडं शिकलात?"

"मग? आमच्या येळंला आख्ख्या शेवगावात दुसरं कोन हुतं?" त्यांनी जुन्या लुगड्याच्या तुकड्यावर एक शिवण मारली. रेघ ओढावी तशी सरळ. सासूबाई कौतुकानं बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "उद्या पंचमी, सुईला हात न्हाई लावायचा. परवा दोघी जनी एक एक पिशवी शिवा. आपाला बोलावते, ती सांगंल ते खरं." मला रात्री भाकरी गेली नाही.

पंचमीला आमच्याकडे चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, आणि शिवायचं तर नाहीच. नागाला लागतं म्हणतात. दुपारी सगळ्या जणी वारुळाला गेल्या, मग झोके खेळायला. डोकं दुखतंय म्हणून मी घरी राहिले. मी माजघरात गेले, चादर बाजूला केली, स्क्रू सैल केला आणि सुई काढून उलटी बसवली. पंचमीच्या दिवशी. देवाचं भय वाटलं का? वाटलं. पण काष्टीच्या टेम्पोचं जास्त वाटत होतं. पुढं माझी शिवायची वेळ आली की काय करायचं याचा मी विचारच केला नव्हता. चोराला तेवढं कुठलं सुचायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपा आल्या. सासूबाईंनी त्यांच्यापुढे आदल्या दिवशीची पुरणाची दिंडं आणि तूप ठेवलं. थोरली म्हणून वन्सं आधी बसल्या. दोरा हातात घेतला, आणि सुईवरून नख फिरवलं.

त्यांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी दोरा ओवला आणि पाय मारला. टाका धरेना. पुन्हा मारला, धरेना. तिसऱ्यांदाही तेच. मला वाटलं, लग्नाला इतकी वर्षं झाली, नखाची सवय राहिली, पण नखाला काय कळायला हवं ते विसरल्या. मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या.

"आई, गेली ही कामातनं," वन्सं उठत म्हणाल्या. "हे धूड काष्टीला नेऊन काय करू? राहू दे हितंच वहिनीला."

"अगं, परवा तर चांगली चालत हुती!"

"परवा चालत हुती, आज न्हाई. मशीनचं असंच असतं."

सासूबाईंनी आपांकडे बघितलं. आपांनी दिंडाचा शेवटचा घास तुपात बुडवला, सावकाश चावला आणि म्हणाल्या, "पुरन लई गोड झालंय." एवढंच बोलून त्या चपला घालून गेल्या. दुपारी वन्संचा टेम्पो रिकामा गेला. मशीन माझी झाली होती, आणि मी त्या रात्री आनंदानं झोपले, हेही कशाला लपवू.

सकाळी क्लासला गेले. नखानं, डोळ्यांनी, सगळीकडून बघितलं, पण माझ्या मशीनमध्ये चोर सापडेना. बाकीच्याही शोधून थकल्या. आपा सुपारी कातरत होत्या.

"सोदू नका गं. आज चोर ठेवलाच न्हाई. आज त्यो आपल्या पायानं चालत आलाय."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मी मान खाली घातली. आपांनी मला मागच्या खोलीत नेलं.

"आन तेबी पंचमीच्या दिवशी! मी नमाजी बाई, पर मलाबी नागाची भीती वाटली."

मला रडू फुटलं. म्हटलं, "तुम्हाला दिसलं होतं, तर तिथंच का नाही सांगितलं?"

"मी कशाला सांगू? दोन्ही माझ्याच पोरी. एकीनं चोर ठेवला, दुसरीला सापडला, तर तिनं झाकला. मधी मी बोलनारी कोन? मी पुरन खाल्लं."

"त्यांना सापडला?"

"नख फिरवलं तिनं. तू बघत नव्हतीस व्हय? माझ्या हाताखाली तीन वर्षं हुती ती. तिचं नख चुकंल?"

मी भिंतीला टेकून खाली बसले. आजवर इतकी लाज मला कशाचीच वाटलेली नाही. आपांनी मला रडू दिलं, पाणी दिलं, आणि मग खुंटीवरची टेप माझ्या गळ्यात अडकवली. "ऊठ. काष्टीची वाट धर. तुझा पैला ब्लाऊज तिचा. माप घिऊन ये."

"आपा, माप तर तुम्ही नुसतं बघून सांगता."

"मला ठाव हाय तिचं माप. तुला न्हाई."

नगरला गाडी बदलून दुपारी काष्टीला पोचले. वन्सं गोठ्यात शेण काढत होत्या. गाडीत बसून मी चांगली चार वाक्यं जुळवली होती. माझ्या गळ्यातली टेप बघून त्यांनी हौदावर हात धुतले आणि पदराला पुसत आल्या.

"वन्सं, ती सुई…"

"व्हय, ठाव हाय." त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "पंचमीला भाऊ दारात आलेला माघारी धाडलास तू. मशीनपायी. मला तर न्हाई गं जमलं असतं. घे माप." आणि त्यांनी दोन्ही हात बाजूला पसरले.

मी टेप त्यांच्या पाठीमागून घेतली आणि माझं तोंड त्यांच्या खांद्याआड गेलं, ते बरं झालं. आकडे दिसत नव्हते. तेवढ्यात त्यांचा मोबाईल वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि तो सरळ माझ्या कानाला लावला.

"पोचलीस?" आपा.

"हो."

"रडतीस का?"

"हो."

"रड. पर टेप भिजवू नको. आकसती, मग माप चुकतं."